प्रीकूलिंग लॉगरचे थ्रेड थांबवताना: पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमधल्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. तिथे प्रीकूलिंगचे सहा चेंबर. प्रत्येक चेंबरला एक टेम्परेचर कंट्रोलर, सगळे कंट्रोलर एकाच आरएस-४८५ वायरवर (बरीच उपकरणं एकाच जोडीवर बोलू शकतात अशी वायर), आणि वायरचं टोक ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. त्यावर जावामध्ये लिहिलेला लॉगर, म्हणजे तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, चालतो. चेंबरमागे एक थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत इतरांच्या बरोबरीने स्वतंत्र चालणारं काम), शिवाय अलार्मचा एक, फाइल लिहिणारा एक आणि सर्व्हरवर डेटा चढवणारा एक.

मळ्यातून पंचवीस-तीस अंशांवर आलेला माल काही तासांत ४ अंशांखाली आणायचा असतो. निर्यातीचा माल असला की त्या उताराचा आलेख दाखवावा लागतो. लॉगर मध्येच अडकला तर माल उत्तम असूनही कागद अपुरा पडतो, म्हणून हे काम घेतलं.

जुना कॉम्प्युटर दिवाळीत बसला. नव्यावर लिनक्स आणि जावा २१ टाकलं, जुनीच जार फाइल चालवली. सहाही चेंबरची रीडिंग आली. मग तीन नंबरचं ‘पॉज’ बटण दाबलं, तर लॉगमध्ये अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन, म्हणजे ‘हे आता चालत नाही’ असं सांगणारी चूक. ‘रीसेट’ दाबलं, तेच.

जुन्या प्रोग्रॅममध्ये पॉजसाठी थ्रेडचं सस्पेंड वापरलंय, पुन्हा सुरू करायला रिझ्यूम, आणि रीसेटसाठी स्टॉप. ही तिन्ही १९९८ साली, जावा १.२ आलं तेव्हाच ‘वापरू नका’ म्हणून जाहीर झालेली आहेत. तरी ती पुढे पंचवीसेक वर्षं चालत राहिली. २०२३ च्या जावा २० पासून मात्र बोलावलं की ती फक्त एक्सेप्शन फेकतात, आणि जावा २३ मध्ये सस्पेंड व रिझ्यूम काढूनच टाकलीत.

मॅनेजर साहेबांचं म्हणणं सरळ होतं: “मग जुनंच जावा टाका ना, चालत होतं की.” चालत होतं, पण गेल्या हंगामात तीनदा-चारदा सगळे आलेख एकदम सपाट झाले होते आणि कॉम्प्युटर बंद-चालू केल्याशिवाय हलले नव्हते, हेही त्यांनीच सांगितलं. माझा संशय याच तीन कॉलवर आहे. कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यातला अर्ली माल डिसेंबरात येईल, त्याआधी हे मुळापासून नीट करायचं ठरलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

घरी टेबलावर छोटी मांडणी केली. पॅकहाऊसमधून दोन जादा कंट्रोलर आणले, पत्ते ०३ आणि ०४. तीनचा प्रोब बर्फाच्या पाण्यात, चारचा टेबलावर मोकळा. एमजी रोडवरून एक आयसोलेटेड यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर घेतला, १,९०० रुपये. स्वस्तातला सहाशेलाही मिळत होता, पण काँप्रेसर सुरू होताना वायरवर जो झटका येतो त्यात तो टिकत नाही. हे पैसे वाचवू नका.

जुन्या लॅपटॉपवर जावा ८ होतं, त्यावर जुना प्रोग्रॅम चालवून पॉज दाबत बसलो. बऱ्याचदा ठीक. मग एकदा तीनचं पॉज दाबलं आणि चारचा आकडाही थांबला. जेस्टॅक हे जावाचं साधन चालवून सगळ्या थ्रेडची स्थिती छापली. चारचा थ्रेड ‘ब्लॉक्ड’, पोर्टच्या लॉकची (एका वेळी एकालाच पोर्ट वापरू देणारी कडी) वाट बघतोय. लॉक कुणाकडे, तर तीनच्या थ्रेडकडे. आणि तीन नंबर सस्पेंड होऊन पडलाय.

प्रत्येक चेंबरचा थ्रेड दर सेकंदाला हे करतो: पोर्टचं लॉक घ्यायचं, कंट्रोलरला विचारणा पाठवायची, ५० मिलिसेकंद झोपायचं, उत्तर वाचायचं, लॉक सोडायचं. सस्पेंड थ्रेडला आहे तिथे गोठवतं आणि त्याच्या हातातलं लॉक सोडवत नाही. लॉक हातात असण्याचा काळ सेकंदातला सुमारे ६० मिलिसेकंद, म्हणजे सोळा-सतरा वेळा बटण दाबलं तर एकदा नेमका त्या फटीत सापडणार. हंगामात दिवसभर दारं उघडतात, दिवसभर पॉज दाबला जातो. गेल्या वर्षीचे सपाट आलेख इथून आले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज स्टॉप तपासलं. सस्पेंडपेक्षा हे वाईट निघालं, कारण सस्पेंडने निदान सगळं थांबतं आणि कुणाच्या तरी लक्षात येतं.

स्टॉप थ्रेडच्या आत एक एरर फेकतो. ती वर वर जाताना वाटेतली सगळी लॉक सुटत जातात. लॉक सुटलं ते चांगलंच, असं वाटतं. पण लॉक कशासाठी होतं? विचारणा आणि उत्तर यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी घुसू नये म्हणून. तीनचा थ्रेड विचारणा पाठवून त्या ५० मिलिसेकंदांच्या झोपेत असताना त्याला स्टॉप मारला. लॉक सुटलं, चारच्या थ्रेडने घेतलं, आपली विचारणा पाठवली आणि उत्तराचे ७ बाइट वाचले. ते असे होते:

०३ ०३ ०२ ०० ०८, आणि शेवटी सीआरसीचे, म्हणजे उत्तर वाटेत बिघडलं का ते तपासायचे, २ बाइट.

पहिला बाइट ०३, म्हणजे हे तीन नंबरच्या कंट्रोलरचं उत्तर. सीआरसीच्या आधीचे ०० ०८ म्हणजे ०.८ अंश, बर्फाच्या पाण्यातल्या प्रोबचे. तीनचा थ्रेड गेला, पण त्याचं उत्तर वायरवरून यायचं थांबलं नाही. ते बफरमध्ये (आलेले बाइट वाचेपर्यंत साठतात त्या जागेत) येऊन बसलं आणि चारने ते आपलं म्हणून उचललं. चारचा प्रोब टेबलावर २६ अंशांत, आणि फाइलमध्ये चारच्या नावावर ०.८. सीआरसी बरोबर, कारण उत्तर खरंच आहे, फक्त दुसऱ्याचं. चारचं खरं उत्तर बफरमध्ये उरलं ते पुढच्याने वाचलं. तिथून पुढे सगळी रांगच एकाने सरकली आणि सरकलेलीच राहिली.

हे बघून खरोखर अस्वस्थ झालो. गरम मालाचा चेंबर कागदावर थंड दिसणं म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचा अख्खा कंटेनर पणाला लागणं. गेल्या हंगामात असं झालं होतं की नाही हे आता कुठल्याच फाइलवरून कळणार नाही, कारण आकडे दिसायला निर्दोषच असतात.

थांबवण्याचं काहीही ठरवण्याआधी दोन दुरुस्त्या करून टाकल्या. विचारणा पाठवण्याआधी पोर्टचा इनपुट बफर रिकामा करायचा. आणि उत्तरातला पहिला बाइट ज्याला विचारलं त्याचाच आहे का बघायचं. नसेल तर रीडिंग फेकून द्यायचं. थ्रेड कसेही थांबवा, मॉडबसवर (हे कंट्रोलर वायरवर ज्या पद्धतीने बोलतात ती) काम करणाऱ्याने या दोन ओळी आधी लिहाव्यात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आता मूळ बदल. दिशा एकच आहे: थ्रेडला बाहेरून थांबवायचं नाही, थांबायला सांगायचं, आणि कुठे थांबणं सुरक्षित आहे ते त्याच्या कोडने ठरवायचं.

सर्वांत साधा मार्ग म्हणजे एक बूलियन फ्लॅग, खरं किंवा खोटं एवढंच सांगणारी खूण. ‘थांब’ खरं झालं की लूपमधून बाहेर. चेंबरचे थ्रेड लगेच ऐकू लागले. अलार्मचा थ्रेड काही केल्या थांबेना.

हा अलार्मचा थ्रेड जुन्या कोडमध्ये झोप न घेता, लॉक न घेता, सहा आकड्यांच्या ॲरेवर नुसता गरगर फिरतो. सीपीयूचा एक कोअर त्यातच जातो. फ्लॅग तपासायची ओळ लूपमध्ये आहे, फ्लॅग खरा झालाय हे डीबगरमध्ये दिसतंय, लूप फिरतोच आहे. काय चाललंय बघायला आत एक प्रिंटची ओळ टाकली आणि तो शहाण्यासारखा थांबला. प्रिंट काढली, पुन्हा थांबेना. अख्खी संध्याकाळ यात गेली.

उत्तर जेआयटी कंपायलरमध्ये आहे. लूप फार वेळा फिरला की तो मशीन कोडमध्ये बदलला जातो. या लूपच्या आत फ्लॅग कुणीच बदलत नाही, आणि फ्लॅग ‘व्होलाटाइल’ (दुसरा थ्रेड बदलू शकतो, दर वेळी नव्याने वाच, असं सांगणारा शब्द) नाही, म्हणून कंपायलरला तो एकदाच वाचून पुढे तोच धरून चालायची मुभा असते. प्रिंटच्या आत लॉक असतं, त्यामुळे ती ओळ असताना तो पुन्हा पुन्हा वाचला जात होता. चेंबरचे थ्रेड ऐकत होते तेही त्यांच्या लूपमधल्या लॉक आणि झोपेच्या आधारावर.

फ्लॅगपुढे व्होलाटाइल लिहिलं, अलार्म थांबला. नंतर तो गरगरणारा लूपच काढून टाकला; आता अलार्मचा थ्रेड ब्लॉकिंग क्यूवर (काही येईपर्यंत थ्रेडला झोपवून ठेवणारी रांग) नव्या रीडिंगची वाट बघतो. पंख्याचा आवाज लगेच खाली आला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

फ्लॅग झोपलेल्याला उठवत नाही. सर्व्हरवर डेटा चढवणारा थ्रेड ५ मिनिटं झोपतो, त्यामुळे बंद करताना वाईट प्रसंगी तेवढा वेळ थांबावं लागतं. इथे इंटरप्ट लागतो.

नावावरून वाटतं तसा इंटरप्ट थ्रेडला तोडत नाही. तो थ्रेडवर एक खूण करतो. थ्रेड स्लीप, वेट, जॉइन (दुसरा थ्रेड संपायची वाट) किंवा क्यूच्या टेकमध्ये (रांगेतून पुढचं घ्यायची वाट) असेल तर तिथून इंटरप्टेड एक्सेप्शन घेऊन बाहेर येतो, नाहीतर चालतच राहतो आणि खूण स्वतः तपासायची असते. पण एक्सेप्शन फेकताना ती खूण पुसली जाते, आणि इथेच जुना कोड अडला. जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे झोप आहे तिथे तिथे इंटरप्टेड एक्सेप्शन पकडून कॅच (पकडल्यावर काय करायचं ते लिहायची जागा) रिकामा सोडलाय. इंटरप्ट आला, झोप मोडली, खूण पुसली, रिकाम्या कॅचने ती गोष्ट गिळली, लूप पुन्हा वर, पुन्हा ५ मिनिटं झोप.

सगळे कॅच एकेक करून बघितले. लूपच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर असेल तिथे सरळ बाहेर पडायचं. आतल्या एखाद्या मेथडमध्ये असेल आणि एक्सेप्शन वर पाठवता येत नसेल, तर कॅचमध्ये चालू थ्रेडलाच पुन्हा इंटरप्ट करून खूण परत उभी करायची, म्हणजे वरच्याला कळतं. खूण तपासणाऱ्या दोन मेथड आहेत, त्यातही लक्ष हवं: इंटरप्टेड ही खूण वाचते आणि पुसते, इझ-इंटरप्टेड नुसती वाचते. लूपच्या अटीत पहिली होती, ती बदलून दुसरी घातली.

हे झाल्यावर वेगळा फ्लॅग ठेवायची गरजच उरली नाही. काढून टाकला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदानाची सुट्टी होती, आज पुन्हा बसलो.

कंट्रोलरची वायर उपटून बघितली. तीनचा थ्रेड उत्तराची वाट बघत रीडमध्ये अडकला. इंटरप्ट मारला, ढिम्म. जेस्टॅकमध्ये त्याची स्थिती ‘रनेबल’ दिसते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की तो कामात आहे. तो खाली ऑपरेटिंग सिस्टिमच्या रीडमध्ये बसून आहे, जावाला त्याची वाट दिसत नाही. रनेबल बघितलं की वरच्या दोन-तीन ओळींत नेटिव्ह मेथड (जावाबाहेरचा कोड) आहे का ते आधी बघावं.

सिरियल पोर्टला रीड टाइमआउट लावला, ५०० मिलिसेकंद. ९६०० बॉडला (सेकंदाला ९,६०० बिट) एक बाइट जायला मिलिसेकंदाच्या जरा वर लागतं, विचारणेचे ८ आणि उत्तराचे ७ धरून पंधरा-सतरा मिलिसेकंद, त्यात कंट्रोलरचा विचार करायचा वेळ. ५०० पुष्कळ झाले. टाइमआउट झाला की रीडिंग ‘नाही’ म्हणून नोंदवायचं, लॉक सोडायचं, खूण तपासायची. ती ५० मिलिसेकंदांची आंधळी झोपही गेली.

सर्व्हरकडच्या सॉकेटचीही (नेटवर्कवरच्या जोडणीची) तीच गत. साध्या सॉकेटचा रीड इंटरप्टला दाद देत नाही. तिथे दोन उपाय केले: रीडला १० सेकंदांचा टाइमआउट, आणि बंद करताना दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट क्लोज करायचा. क्लोज केला की अडकलेला रीड सॉकेट एक्सेप्शन घेऊन बाहेर येतो. ते एक्सेप्शन बंद करण्याच्या वेळी आलं तर चूक म्हणून नोंदवायचं नाही, नाहीतर रोज संध्याकाळी लॉगमध्ये खोटी लाल ओळ दिसेल आणि लोकांची लाल ओळींकडे बघायची सवय मोडेल.

तिसरी अडकण्याची जागा म्हणजे लॉकच. सिंक्रोनाइज्डची (जुन्या कोडमधलं जावाचं साधं लॉक) वाट बघणारा थ्रेड इंटरप्टला उठत नाही. पोर्टसाठी रीएंट्रंट लॉक घेतलं आणि लॉक-इंटरप्टिब्ली वापरलं, म्हणजे लॉकची वाट बघतानाही इंटरप्ट लागू पडतो. सोडणं नेहमी फायनली ब्लॉकमध्ये, जो काहीही झालं तरी चालतोच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पॉज.

पहिली मांडणी: एक लॉक, त्यावर कंडिशन (जिथे थ्रेड कुणी उठवेपर्यंत थांबतो), आणि लूपमध्ये एक जागा जिथे ‘पॉज आहे का’ बघायचं आणि असेल तर कंडिशनवर थांबायचं. ही जागा पोर्टचं लॉक घेतल्यावर, विचारणा पाठवायच्या आधी ठेवली होती. पॉज दाबला आणि दोन्ही कंट्रोलर गप्प. कंडिशनवर थांबताना थ्रेड त्या कंडिशनचं लॉक सोडतो, पोर्टचं सोडत नाही. नव्या कोडमध्ये जुनाच आजार. तपासणीची जागा लूपच्या सुरुवातीला नेली, जिथे हातात काहीच नसतं: ना लॉक, ना अर्धवट विचारणा, ना फाइलची अर्धी ओळ.

आणखी दोन अडचणी आल्या, दोन्ही पुष्कळांना येतात. तपासणी ‘इफ’ने नाही, ‘व्हाइल’ने करायची. कारण कंडिशनवरून थ्रेड कुणी न उठवताही उठू शकतो, जावाच्या दस्तऐवजातच तसं लिहिलंय. उठल्यावर पॉज अजून आहे का हे पुन्हा बघायलाच हवं. आणि पुन्हा सुरू करताना सिग्नल दिला तर एकच थ्रेड उठतो. सिग्नल-ऑल द्या.

हे सगळं टेबलावर नीट चाललं. उद्या-परवा साइटवर.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पिंपळगावला. चेंबर सांभाळणाऱ्या काकांना नवीन पॉज बटण दाखवलं. त्यांनी दाबलं, मान हलवली आणि विचारलं, “आता आलेखात हे रिकामं दिसणार का?”

“हो, पॉज असेपर्यंत रीडिंग नाही.”

“मग नको. मला बझर बंद पाहिजे, रीडिंग नाही. दार उघडं असलं की ते बोंबलतं, पोरं घाबरून दार लोटतात आणि पॅलेट अडकतं. आकडा तर मला दार उघडं असतानाच बघायचा असतो, किती चढला ते.”

इतकी वर्षं ते पॉज दाबत होते कारण बझर गप्प करायचा तोच एक मार्ग होता. आलेखातल्या फटी त्यातून आल्या. त्यांच्यासाठी थ्रेड थांबवण्याचं काहीच कारण नव्हतं. कुठलाही थ्रेड पॉज करण्याआधी, बटण दाबणाऱ्याला नेमकं काय थांबायला हवंय हे उभं राहून विचारावं. मी ते पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

आता चेंबरच्या बटणावर ‘दार उघडं’ लिहिलंय. रीडिंग चालू राहतं, ओळीत ‘दार’ अशी खूण जाते, बझर २० मिनिटं गप्प राहतो आणि मग आपोआप जागा होतो. ही २० मिनिटं नॅनोटाइमने (घड्याळाच्या वेळेशी संबंध नसलेली, फक्त पुढेच जाणारी मोजणी) मोजली आहेत. घड्याळाच्या वेळेने मोजली तर इंटरनेट आल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे सरकतं आणि बझर तासभर गप्प राहू शकतो.

खरा पॉज एकालाच लागतो, रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिकला. तो कंट्रोलरची सेटिंग बदलायला आपला लॅपटॉप त्याच वायरला जोडतो. मॉडबस आरटीयूमध्ये वायरवर विचारणारा एकच असायला हवा. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बाइट खराब. त्याला “पॉज दाबलाय” हे पुरत नाही, “वायर आता गप्प आहे” हे कळायला हवं. बटण दाबल्याक्षणी एखादा थ्रेड विचारणेच्या मधोमध असू शकतो.

यासाठी परवाची कंडिशनची सगळी मांडणी काढून टाकली. पॉज करणाऱ्याने स्वतःच पोर्टचं लॉक घ्यायचं. ते त्याला मिळालं याचाच अर्थ दुसरं कुणी वायरवर नाही, आणि तो सोडेपर्यंत कुणी येणार नाही. थांबण्याची जागा आपोआप बरोबर ठरते आणि खात्रीही मिळते.

रीएंट्रंट लॉकने हे जमलं नाही. ते ज्या थ्रेडने घेतलं त्यानेच सोडावं लागतं. ‘सुरू करा’ दुसऱ्या थ्रेडवरून आलं की इल्लिगल मॉनिटर स्टेट एक्सेप्शन. म्हणून त्याजागी एक परमिटचा सेमाफोर ठेवला; ज्याच्याकडे परमिट त्यानेच वायरवर जायचं. सेमाफोरला मालक नसतो, कुणीही सोडू शकतो. त्यामुळे जपावंही लागतं: दोनदा सोडला तर दोन परमिट होतात आणि दोन थ्रेड एकाच वेळी वायरवर. ‘सुरू करा’ दाबल्यावर आधी पॉज खरंच होता का ते तपासतो. सेमाफोर बनवताना ‘फेअर’ खरं दिलं, म्हणजे पॉजची मागणी रांगेत मागे पडत नाही. बटण दाबलं की पिवळं होतं, परमिट मिळालं की हिरवं. मेकॅनिकला सांगितलंय, हिरवं झाल्याशिवाय लॅपटॉप लावायचा नाही. परमिट मिळवण्याचं काम स्क्रीनच्या थ्रेडवर करू नका, खिडकी गोठते.

२ डिसेंबर, सोमवार

आज पूर्ण प्रोग्रॅम बंद करण्यावर काम.

लॉगर सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेखाली चालतो. स्टॉप म्हटलं की ती प्रोग्रॅमला सिगटर्म (‘बंद हो’ अशी सूचना) पाठवते आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ९० सेकंद वाट बघून सिगकिल (सक्तीने बंद). सिगटर्म आला की जावाचा शटडाउन हुक (बंद होण्याआधी चालणारा कोड) चालतो, त्यात क्रम असा लावला. आधी चेंबरच्या थ्रेडना इंटरप्ट आणि ते संपेपर्यंत जॉइन, जास्तीत जास्त ३ सेकंद. ते संपल्यावर फाइल लिहिणाऱ्याच्या क्यूमध्ये एक शेवटचा खास निरोप टाकायचा, ‘यापुढे काही नाही’. फाइलवाल्याला इंटरप्ट करायचं नाही. क्यूमध्ये साठलेली रीडिंग लिहून, तो निरोप हाती लागला की त्याने फाइल बंद करून स्वतः जायचं. वाचणारे थांबायच्या आधी निरोप टाकला तर त्यामागून आलेली रीडिंग हरवतात. क्रम उलटा ठेवून मुद्दाम बघितलं, शेवटच्या सेकंदाच्या ओळी खरंच गळाल्या.

एक गाठ इथे सुटायला वेळ लागला. जुन्या कोडमध्ये पोर्ट सापडला नाही तर चेंबरचा थ्रेडच सिस्टिम-एक्झिट बोलावतो. एक्झिट शटडाउन हुक संपायची वाट बघतं, हुक त्या थ्रेडच्या जॉइनची वाट बघतो, आणि तो थ्रेड एक्झिटमध्ये उभा. ३ सेकंदांची मर्यादा नसती तर हे सिगकिल येईपर्यंत तसंच राहिलं असतं. आता कामाचे थ्रेड एक्झिटला हात लावत नाहीत; पोर्ट गेला तर मुख्य थ्रेडला कळवतात.

लाइट गेली तर यातलं काहीच चालत नाही. सिगकिललाही हुक चालत नाही. म्हणून प्रत्येक ओळ लिहिली की ती डिस्कवर उतरवतो. सेकंदाला सहा ओळी, या कामाला हे परवडतं. शिवाय सुरू होताना फाइलची शेवटची ओळ अर्धी आहे का बघून ती कापतो.

सातपूरला एका कारखान्यात काम करणाऱ्या मित्राने विचारलं, सी-शार्पमध्ये काय? तिथेही थ्रेडचं अबॉर्ट डॉटनेट कोअरपासून नुसतं एक्सेप्शन फेकतं, कॅन्सलेशन टोकन वापरायचं. सी-प्लस-प्लस-२० मध्ये जे-थ्रेड आणि स्टॉप टोकन आले तेही विनंतीच्याच रीतीने चालतात. विंडोजचं टर्मिनेट-थ्रेड अजून आहे, पण ते थ्रेडच्या हातातली लॉक तशीच टाकून जातं. पायथनमध्ये थ्रेड मारायची सोयच दिलेली नाही. 

५ डिसेंबर, गुरुवार

साइटवर रात्रभर चालवून बघितलं. वायर उपटणं, इंटरनेट काढणं, पॉज असताना स्टॉप, पिवळं बटण असताना स्टॉप. शेवटच्यात एक सापडलं: पॉजची मागणी करणारा थ्रेड परमिटची वाट बघत असताना प्रोग्रॅम बंद केला, तर त्याला परमिट मिळून तो खुशाल हिरवं करून बसायचा. मागणी इंटरप्टने रद्द होईल असं केलं आणि बंद होतानाच्या यादीत त्यालाही घेतलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये जितके थ्रेड जन्माला येतात तितक्यांचं नाव त्या यादीत असलं पाहिजे, अगदी बटणामागे क्षणभर जगणाऱ्याचंही. सगळ्या थ्रेडना नावं दिली, ‘चेंबर-३’, ‘फाइल’, ‘अलार्म’, म्हणजे जेस्टॅक वाचताना ओळख पटते.

सिगटर्मपासून बंद होईपर्यंत आता २ सेकंदांच्या आत होतं, वायर तुटलेली असली तरी.

९ डिसेंबर, सोमवार

सटाण्याकडचा पहिला अर्ली माल चेंबर दोनमध्ये लागला. दार उघडं असताना आकडा चढला, ओळींवर ‘दार’ खूण आली, दार लागल्यावर उतार सुरू. आलेखात फट नाही. काकांनी त्याची प्रिंट काढून भिंतीला लावलीय. मेकॅनिकने पाच नंबरचं डिफ्रॉस्ट बदललं, हिरवं होईपर्यंत थांबला.

एक गोष्ट उरलीय. सर्व्हरचं नाव शोधताना, म्हणजे डीएनएसच्या वेळी, इंटरनेट अर्धवट असेल तर चढवणारा थ्रेड तिथे अडकतो. तेव्हा सॉकेट अजून उघडलेलाच नसतो, त्यामुळे क्लोज करायला काही नाही, आणि इंटरप्टही चालत नाही. तो थ्रेड डीमन केलाय, म्हणजे जावा त्याच्यासाठी थांबत नाही. त्याला अर्ध्यात सोडलं तर चालतं, कारण फाइलमधली ओळ सर्व्हरकडून पोच आल्यावरच ‘पाठवली’ म्हणून खूण होते. पोच नसलेली पुढच्या वेळी पुन्हा जाते आणि सर्व्हर तिच्या क्रमांकावरून दुबार ओळखतो. चेंबरचे आणि फाइलचे थ्रेड डीमन करू नका. त्यांचं अर्धवट काम पुन्हा करता येत नाही.